प्रोजेक्टला दहा मार्क, शोधाला भोपळा

इंटरनेटवरची माहिती पारखायला मुलांना शिकवलं पाहिजे, याबद्दल आता कुणाचं दुमत नाही. पंचाईत पुढे आहे. शिकवायचं म्हणजे एक दिवस शाळेत पाहुणे बोलवायचे, आठवी ते दहावीची मुलं सभागृहात दाटीवाटीने बसवायची, प्रोजेक्टरवर चार-सहा बनावट फोटो दाखवायचे आणि शेवटी 'फॉरवर्ड करण्याआधी विचार करीन' अशी शपथ द्यायची, असा शिरस्ता पडत चालला आहे. पाहुण्यांना पुष्पगुच्छ मिळतो, शाळेला फोटो मिळतात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना आम्ही शिक्षक 'पाणी प्रदूषणावर पाच पानी प्रोजेक्ट सोमवारपर्यंत आणा' असं सांगतो आणि आदल्या दिवशीचं सगळं पुसून टाकतो.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, तेव्हा ही टीका माझ्या खात्यावरही जमा होतेच. पण मुद्दा शिक्षकांच्या आळसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. ज्या गोष्टीला मार्क नाहीत ती गोष्ट आपल्याकडे शिकवली जात नाही आणि शिकलीही जात नाही. माहिती शोधणं आणि पारखणं या कामाला आजच्या घडीला मार्क नाहीत. मार्क आहेत ते पानांना, मुखपृष्ठाला आणि स्केचपेनने काढलेल्या चौकटीला.

एका तासाच्या कार्यशाळेने काय साधतं, याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे. सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. एकंदरीत फरक जवळपास शून्य. आधीच पक्कं राजकीय मत असलेल्या काहींवर तर उलटाच परिणाम झाला. पुढे त्याच राज्यात, त्यांच्यासह काही संशोधकांनी साडेतेरा हजारांच्या आसपास शाळकरी मुलांना घेऊन वर्गांचा प्रयोग केला. वर्ग एकच नव्हता, काही आठवड्यांत पसरलेली सत्रं होती, गृहपाठासकट. तिथे मात्र मुलांना खरं-खोटं निवडता येऊ लागलं आणि तो परिणाम काही महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. वय लहान, शिकवणं पुन्हा पुन्हा, आणि पाहुण्याऐवजी वर्ग. यापलीकडे त्यात जादू नाही.

आता आपल्या प्रोजेक्टकडे बघू. शाळा सुटण्याच्या वेळेला परळ, दादर, मुलुंड, कुठल्याही शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पाच मिनिटं उभं राहिलं की पुरे. आई ऑफिसातून परस्पर आलेली असते. 'दादा, ग्लोबल वॉर्मिंगवर पाच पानं, कलर. मराठीत आहे का?' दादा खुर्चीत बसल्या बसल्या विषय टाइप करतो, वरचं पहिलं पान उघडतो, कॉपी करतो, फॉन्ट मोठा करतो म्हणजे चारची पाच पानं होतात. प्रिंट येते. मुलगा शेजारी उभा राहून वेफर खात असतो. त्या शोधात त्याचा सहभाग एवढाच. वर्गात अशी प्रोजेक्ट्स तपासताना विकिपीडियावरचे चौकटी कंसातले संदर्भ-आकडे जसेच्या तसे दिसतात, परिच्छेदाच्या डोक्यावर 'संपादन' हा शब्दही तसाच राहिलेला असतो, निळ्या अक्षरातल्या लिंका कागदावर अधोरेखित होऊन बसलेल्या असतात. तरी स्पायरल बायंडिंग केलेलं असलं की दहापैकी नऊ. आता तर झेरॉक्सवाल्याकडेही जावं लागत नाही. फोनवरच्या चॅटबॉटला सांगितलं की दोन मिनिटांत शुद्धलेखनासकट निबंध हजर होतो.

दोष मुलाचा नाही, कारण प्रश्नच असा आहे की त्यात शोधण्यासारखं काही नाही. 'पाणी प्रदूषण' हा प्रश्न नाही, मथळा आहे. मथळ्यावर माहिती गोळा होते, शोध होत नाही. शोधाला अडचण लागते.

असा एक अडचणीचा प्रश्न मी वर्गात देते. '२६ जुलै २००५ रोजी मुंबईत किती पाऊस पडला?' आताची मुलं तेव्हा जन्मलेलीही नव्हती, पण प्रत्येकाच्या घरात त्या दिवसाची गोष्ट आहे. कुणाचे बाबा कुर्ल्याहून ठाण्याला चालत आले, कुणाची आत्या रात्रभर बसमध्ये अडकली. मुलं फोनवर शोधतात आणि फटाफट उत्तरं येतात. बहुतेकांचं उत्तर ९४४ मिलिमीटर. एखादी मुलगी ९४ सेंटिमीटर म्हणते आणि मागच्या बाकावरून तिला 'चूक' असा पुकारा होतो, मग एकक बघायचं असतं हे वर्गाला कळतं. कुणाला इंचातला आकडा सापडतो. आणि मग एक जण हळूच म्हणतो, 'बाई, इथे ७३ मिलिमीटर लिहिलंय.' हशा पिकतो. 'खोटी साइट असेल!'

साइट खोटी नसते. ९४४ मिलिमीटर ही सांताक्रूझ वेधशाळेची नोंद, ७३ ही कुलाब्याची. दोन्ही भारतीय हवामान खात्याच्याच, त्याच चोवीस तासांच्या आणि दोन्ही बरोबर. मध्ये अंतर वीसेक किलोमीटरचं. इथून वर्ग खरा सुरू होतो. मग 'मुंबईत' पाऊस किती पडला? मुंबई म्हणजे कुठली? बातमीत कुलाब्याचा आकडा का नसतो? आणखी एक पाचर मी मारते. हवामान खातं चोवीस तास मोजतं ते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. म्हणजे २६ तारखेचा तो पाऊस नोंदीच्या तक्त्यात २७ जुलैच्या नावावर दिसू शकतो. दोन पानांवर दोन तारखा दिसल्या म्हणून त्यातलं एक थापाड्याने लिहिलं असं होत नाही.

या एका प्रश्नात एकक आलं, मोजण्याचं ठिकाण आलं, मोजण्याची वेळ आली, मूळ नोंद आणि तिच्यावरून लिहिलेली बातमी यांतला फरक आला. बनावट फोटो एकही दाखवावा लागला नाही. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे आणि तो कार्यशाळांतून नेमका सुटतो. तिथे मुलांना सगळं जग खरं आणि खोटं अशा दोन डब्यांत घालायला शिकवतात. प्रत्यक्षात बहुतेक माहिती अर्धवट असते, जुनी असते, दुसऱ्याच ठिकाणची असते. निव्वळ खोटं त्यामानाने लवकर पकडता येतं.

पारखायचं कसं, यावरही जुनी शिकवण टाकून द्यायची वेळ आली आहे. पान नीटनेटकं आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी आहे का, 'आमच्याविषयी' असं पान आहे का, अशी यादी अनेक पुस्तकांत अजून छापली जाते. डॉट ओआरजी कुणालाही पैसे भरून घेता येतं आणि 'आमच्याविषयी' मध्ये कुणी आपली बदनामी करून घेत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, त्याच विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि बातम्यांची शहानिशा करणारे व्यावसायिक पत्रकार अशा तिघांना एकच काम दिलं होतं. बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं. नावं जवळजवळ सारखी, पण एक साठ हजारांहून जास्त डॉक्टरांची जुनी संस्था आणि दुसरी तिच्यातून वेगळा झालेला लहानसा गट. प्राध्यापक आणि विद्यार्थी ती पानं वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि त्यातले बरेच फसले. पत्रकार अर्ध्या-एक मिनिटात त्या पानावरून बाहेर पडले, शेजारी नव्या टॅब उघडल्या आणि इतर लोक या संघटनेबद्दल काय म्हणतात ते पाहून आले. स्थळाची चौकशी स्थळाच्याच घरी कुणी करत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतात, तसलाच हा प्रकार.

गंमत म्हणजे हे आमच्या मुलांना येतं. जुलैत दोन दिवस मुसळधार पाऊस झाला की रात्री दहाच्या सुमारास 'उद्या सर्व शाळांना सुट्टी' असं पत्रक फिरायला लागतं. त्या पत्रकाची आमची मुलं जी चिरफाड करतात ती पाहावी. तारीख गेल्या वर्षीची आहे का, सही कुणाची, पत्रक मुंबईचं की ठाण्याचं, महापालिकेच्या अधिकृत खात्यावर आलंय का, दुसऱ्या शाळेतल्या मित्राच्या ग्रुपवर काय चाललंय. एरवी प्रोजेक्टसाठी पहिल्या लिंकच्या पलीकडे न जाणारा मुलगा या पत्रकासाठी चार ठिकाणी चौकशी करतो, कारण चुकलं तर भर पावसात शाळेत जावं लागेल किंवा घरी बसून गैरहजेरी लागेल. म्हणजे कौशल्य आहे. ते कामाला लावावं असं कारण आम्ही त्यांना अभ्यासात देत नाही.

घरातही कारणं भरपूर आहेत. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा कस्टमर केअर नंबर शोधून जो पहिला दिसला त्यावर फोन केला आणि खातं रिकामं झालं, ही तक्रार सायबर पोलिसांना नवी राहिलेली नाही. शोधात वर दिसणं म्हणजे अधिकृत असणं नव्हे, आणि पैसे मोजून वर आलेल्या निकालावर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्टॅनफर्डच्याच २०१६ च्या अहवालात माध्यमिक वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक अमेरिकी मुलांना 'प्रायोजित मजकूर' लिहिलेली जाहिरात बातमी वाटली होती. आपली मुलं याहून वेगळी निघतील असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तो घ्यावा, आणि फसगत झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यपालांच्या अधिकारांशेजारी बसायला काय हरकत आहे?

मराठी मुलांची एक वेगळी अडचण आहे, आणि इंग्रजीतून आयत्या आणलेल्या कार्यशाळांना ती ठाऊकच नसते. मराठीत शोधलं तर मोजकंच मिळतं. पुष्कळदा एकच मजकूर दहा पानांवर शब्दशः चिकटवलेला असतो. मुलाला वाटतं दहा ठिकाणी आहे म्हणजे खरं. दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरीकडे मराठी विश्वकोश फुकट उपलब्ध आहे, जाणकारांनी लिहिलेला आहे, पण त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्यातली व्याख्या आजही खणखणीत असेल, लोकसंख्येचा आकडा मात्र बघून घ्यावा लागेल. कुठल्या साधनावर कशापुरता विश्वास ठेवायचा, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? विकिपीडियाबद्दलचं आम्हा शिक्षकांचं नाक मुरडणंही आता पुरे. शेवट तिथे करू नये, एवढंच. खालच्या संदर्भांवर टिचकी मारायला मुलाला शिकवलं तर सुरुवात म्हणून ते बरंच आहे. शिवाय इंग्रजी शब्द घालून शोधायला, आलेलं इंग्रजी पान कसंबसं का होईना वाचायला मराठी माध्यमाच्या मुलाला धीर द्यावा लागतो. तो धीर सभागृहातल्या भाषणातून येत नाही.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी शिवजयंतीचा इतिहास आठवावा. महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, यावर महाराष्ट्राने शंभराच्या आसपास वर्षं वाद घातला. १६२७ ची तारीख मुख्यतः उत्तरकालीन बखरींतून आलेली. मग जेध्यांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, पुढे आली, ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. परमानंद कवीच्या शिवभारतातला दाखला मिळाला. राजस्थानात जोधपूरला कुंडली सापडली. कोणतं साधन समकालीन, कोणतं मागाहून लिहिलेलं, ही साधनं एकमेकांची नक्कल आहेत की स्वतंत्र, याचा खल झाला आणि २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. माहिती पारखण्याचा याहून भक्कम धडा मी कुठल्याही परदेशी पुस्तकात पाहिलेला नाही. आम्ही मुलांना त्यातली फक्त तारीख पाठ करायला लावतो. वाद शिकवायला शिक्षक कचरतात, आणि हल्लीच्या वातावरणात त्यांचं कचरणं मला समजतंही. पण तारखेपर्यंत पोहोचण्याची वाट दाखवण्याने कुणाचा अवमान होत नाही.

या शिक्षणाचा एक धोकाही आहे. रोज 'हे खोटं, ते खोटं' ऐकून मुलं 'सगळेच थापा मारतात' या मुक्कामाला पोहोचतात. मग वेधशाळेचा इशारा आणि काकांचा फॉरवर्ड एकाच पारड्यात. २८ जुलै २००५ ला जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटल्याच्या, लाटा येत असल्याच्या अफवेने लोक सैरावैरा धावले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, तेव्हा व्हॉट्सॲप होतं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अपहरणाच्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता, आणि मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला. अशा वेळी 'कशावरच विश्वास ठेवू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी विश्वास ठेवायचाच असतो. तो कुणावर ठेवायचा, कुठला फोन आधी लावायचा, हे त्याला आधीपासून माहीत असावं लागतं.

अडचणी मला माहीत आहेत. वर्गात साठ-साठ मुलं, संगणक कक्षात चालू अवस्थेतली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पोर्शन संपत नाही, त्यात निवडणुकीची कामं आणि सर्वेक्षणं शिक्षकांच्याच गळ्यात. ग्रंथपाल हा खरा या कामाचा माणूस, पण पट कमी असला की त्याचं पद अर्धवेळ आणि तो निवृत्त झाला की कपाटाला कुलूप. यातलं शेवटचं दुरुस्त करणं सरकारच्या हातात आहे आणि शेकडो टॅबलेट वाटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. केरळात कण्णूर जिल्ह्याने २०१८ मध्ये दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोट्या बातम्यांबद्दलचे वर्ग घेऊन दाखवले. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याला किंवा महापालिकेला ते अशक्य नाही. यंत्रांचं रडगाणं मला फारसं पटत नाही. दोन वेगवेगळी कात्रणं छापून साठ जणांत वाटली तरी तास होतो. पावसाचा प्रश्न तर फळ्यावर दोन आकडे लिहूनही सुरू करता येतो.

खरी निकड मार्कांची आहे. अंतर्गत मूल्यमापनात प्रोजेक्टचे जे गुण आहेत त्यातले निम्मे शोधाच्या वाटेला द्यावेत. मुलाने अर्ध्या पानावर लिहायचं. काय शोधलं, कुठले शब्द टाकले, काय काय सापडलं, कुठली दोन उत्तरं जुळली नाहीत, त्यातलं एक का घेतलं. उत्तर चुकलं आणि वाट नीट असली तरी मार्क. उत्तर बरोबर आणि वाट कोरी असली तर कमी. चॅटबॉट वापरला तर तेही लिहावं, लपवू नये. त्याने दिलेल्या दोन विधानांची दुसरीकडे खातरजमा केली का, हे मी विचारीन. नसलेली पुस्तकं आणि न झालेले निवाडे तो बिनदिक्कत सांगतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असे निवाडे कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. ते शिकलेसवरलेले लोक होते.

पालकांची कुरकुर होईल. अर्धं पान, तेही काळ्या पेनाने, खाडाखोडीसकट. शेजारच्या शाळेत तर थर्माकोलचं धरण करून घेतलं. होऊ दे. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आता आहेच. जून उजाडला की 'मुंबईत अमुक दिवसांचंच पाणी उरलं' असे मेसेज दरवर्षी येतात. सात तलावांची एकूण साठवण साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जरा आत, शहराला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि तलावांची पातळी महापालिका रोज जाहीर करते. मेसेजमधला दिवसांचा आकडा कुठून आला, त्यात राखीव साठा धरला आहे का, बाष्पीभवन धरलं आहे का, पातळी कुठल्या तारखेची आहे, आणि तुमचा स्वतःचा हिशेब किती दिवस सांगतो? हा प्रश्न जलसुरक्षेच्या वहीत घालायला कुठल्याही शिक्षकाला मंडळाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही. परिपत्रक हवं आहे ते फक्त मार्कांसाठी.